व्हीएफडी बसवल्यापासून मोटरचं बेरिंग दर चार महिन्यांनी जातंय? आधी जुनं बेरिंग कापून बघा

लक्षणं अशी. मोटर वर्षानुवर्षं सरळ लाइनवर बिनतक्रार चालली. मग वीज वाचवायची म्हणून व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह, बसवला. पहिले तीन-चार महिने सगळे खूश. नंतर एका रात्रपाळीत बेरिंगमधून बारीक घुमल्यासारखा आवाज यायला लागतो. ठरावीक स्पीडला तो वाढतो, स्पीड थोडा पुढेमागे केला की दबतो. दोन आठवड्यांत त्याची खरखर होते. बेरिंग बदललं जातं. पुन्हा चार महिने शांतता, पुन्हा तेच घुमणं.

हे ओळखीचं वाटत असेल तर पुढे वाचा. मोटर व्हीएफडीच्या आधीपासूनच बेरिंग खात असेल तर दुखणं वेगळं आहे. तिथे अलाइनमेंट, पट्ट्याचा ताण आणि फाउंडेशन बघा, या लेखात वेळ घालवू नका.

ज्या कामावरून हे लिहितोय ते पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यातलं. बॉयलरचा धूर ओढणारा आयडी फॅन, त्याला ९० किलोवॅटची चार पोलची मोटर, दोन्ही टोकांना ६३१७ सी३ बेरिंग. पूर्वी डॅम्पर (धुराच्या वाटेतली झडप) अर्धामुर्धा बंद ठेवून ड्राफ्ट (धुराची ओढ) सांभाळायचे, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा आणि ब्रेकवर गाडी चालवायची. व्हीएफडीने ते थांबलं आणि वीज खरोखरच वाचली. पण सीझनमध्ये आयडी फॅन थांबला की बॉयलर थांबतो, बॉयलरमागे टर्बाइन, त्यामागे मिल, आणि बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मला बोलावलं तेव्हा त्या मोटरची तिसरी जोडी गेली होती.

तोवर काय काय करून झालं होतं? अलाइनमेंट डायल लावून दोनदा. ग्रीसचा ब्रँड एकदा. बेरिंगचा ब्रँडही एकदा, कारण फोरमन तात्यांचं ठाम मत होतं, "साहेब, बाजारात डुप्लिकेट माल आलाय." संशय वावगा नव्हता, नकली बेरिंगं मिळतातच. पण नकली बेरिंग दरवेळी चार महिन्यांचाच मुहूर्त साधत नाही. कुणीतरी अर्थिंगचा विषय काढला, म्हणून मीठ-कोळसा घालून नवा अर्थ पिट केला. रेझिस्टन्स एक ओहमच्या आत आला. बेरिंगला त्याचा काही फरक पडला नाही. का पडला नाही ते पुढे येतंच, कारण सगळ्या प्रकरणाची गोम तिथेच आहे.

गेलेली बेरिंगं कुठे आहेत, असं मी विचारलं. भंगारात. उघडून कुणी बघितली होती का? कशाला बघतील, गेलं ते गेलं. नशिबाने शेवटची जोडी अजून वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून होती.

बेरिंग कापणं

बाहेरची रिंग ग्राइंडरने समोरासमोर दोन ठिकाणी कापायची. गॉगल घालूनच, कारण ती कडक पाण्याची असते आणि तुकडा उडाला तर डोळ्यावरच येतो. आधी ग्रीस बघा. आमचं काळं पडलं होतं, जळकट वास होता. मग रॉकेलने रेस (रिंगमधला गोळ्यांचा रूळ) धुवायची आणि उजेडाकडे तिरकी धरायची.

पाट्याला नवीन टाकी लावल्यावर कशा आडव्या रेघा उठतात? तशाच रेघा रेसच्या रुळावर होत्या, सारख्या अंतरावर, एकमेकींना खेटून, सगळ्या घेरभर. गोळ्यांची चमक जाऊन त्या राखाडी, धुरकट झालेल्या. या रेघांना फ्लूटिंग म्हणतात, आणि ही करंटची सही आहे.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. स्टँडबाय मोटर बंद असताना शेजारच्या मशीनच्या कंपनांनी तिच्या रेसवरही खुणा उठतात. पण त्या मोजक्या असतात आणि दोन खुणांमध्ये शेजारच्या दोन गोळ्यांमध्ये असतं तेवढंच अंतर असतं. गोळ्या आठ, तर खुणा आठ. फ्लूटिंगच्या रेघा कितीतरी जास्त असतात. दुसरी गल्लत वेल्डिंगची. फॅनच्या केसिंगवर वेल्डिंग करताना अर्थचा क्लॅम्प भलतीकडे लावला तर करंट बेरिंगमधून जातो आणि एक-दोन मोठे खड्डे पडतात. तेही वाईटच, पण नियमित रेघांचा पट्टा त्याने उठत नाही.

व्हायब्रेशनचा रिपोर्ट असेल तर तोही काढा. आमच्यात दोन किलोहर्ट्झच्या आसपास शिखरांची कंगव्यासारखी रांग होती, दोन दातांमध्ये साधारण ५६ हर्ट्झ. त्या दिवशी मोटर १,१०० आरपीएमवर होती, म्हणजे सेकंदाला अठरा फेरे. आठ गोळ्यांच्या या बेरिंगमध्ये एका फेऱ्यात बाहेरच्या रेसच्या एका जागेवरून सुमारे तीन गोळ्या जातात. हिशेब जुळला. रिपोर्ट देणाऱ्याने 'बेरिंग खराब, बदला' एवढंच लिहिलं होतं. खोटं नाही, पण ते तात्यांनाही कानाने कळलं होतं.

करंट येतो कुठून

मोटरच्या तीन फेजना साइन व्होल्टेज मिळतं तेव्हा तिन्हींची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते. व्हीएफडीमध्ये तसं होऊच शकत नाही. त्यातल्या इन्व्हर्टरचा प्रत्येक लेग (एका फेजची स्विचची जोडी) एकतर डीसी बसच्या वरच्या, प्लस टोकाला जोडलेला असतो किंवा खालच्या, मायनस टोकाला, मधलं काही नाही. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर डीसी बस साधारण ५८० व्होल्ट. तिन्ही लेग वर असतील तर तिन्ही फेजची सरासरी बसच्या मध्यापासून २९० व्होल्ट वर, तिन्ही खाली असतील तर २९० खाली, आणि दोन-एक अशी विभागणी असेल तर सुमारे ९७, वर किंवा खाली. हीच कॉमन मोड व्होल्टेज. एका कॅरियर सायकलमध्ये, म्हणजे स्विचिंगच्या एका फेऱ्यात, ती सहा पायऱ्या चढते-उतरते, प्रत्येक पायरी जवळजवळ १९३ व्होल्टची. कॅरियर ८ किलोहर्ट्झ असेल तर सेकंदाला ४८ हजार पायऱ्या.

आता मोटरकडे बघा. वाइंडिंग आणि रोटर यांच्यामध्ये हवेची फट, म्हणजे एक छोटा कपॅसिटर. रोटर आणि स्टेटरच्या लोखंडामध्ये दुसरा, जरा मोठा. बेरिंगमध्ये गोळी आणि रेस यांच्यामध्ये ग्रीसची मायक्रॉनभर फिल्म, तो तिसरा. वाइंडिंगवर नाचणारी कॉमन मोड व्होल्टेज या कपॅसिटरांमध्ये वाटली जाते आणि तिचा काही टक्के हिस्सा शाफ्टवर येतो. सर्वसाधारण मोटरमध्ये तो दहा टक्क्यांच्या आतच असतो. २९० चे पाच-सहा टक्के म्हणजे पंधरा-सतरा व्होल्ट. ऐकायला किरकोळ. पण एवढ्यात ती फिल्म फुटते, ठिणगी पडते, आणि ठिणगीच्या बुडाशी स्टीलचा सूक्ष्म थेंब वितळतो. टूलरूममध्ये स्पार्क इरोजनने डाय कापतात तसंच, फक्त इथे मोटर स्वतःचंच बेरिंग कापत असते.

शाफ्ट करंट ही नवी गोष्ट नाही. अल्जर आणि सॅमसन यांनी १९२४ मध्येच मोठ्या मशिनांतल्या शाफ्ट करंटवर लिहिलं होतं. तो मात्र चुंबकीय वर्तुळ जरा असमान असल्यामुळे येणारा, लाइन फ्रिक्वेन्सीचा प्रकार. नव्वदच्या दशकात ड्राइव्हमध्ये आयजीबीटी (वेगाने उघड-बंद होणारा स्विच) आला, स्विचिंग वेगवान झालं आणि छोट्या-मध्यम मोटरींची बेरिंगंही जायला लागली. अर्डमन, कर्कमन, श्लेगल आणि स्किबिन्स्की यांनी १९९६ मध्ये हे कपॅसिटरांचं वाटप मांडून दाखवलं. पुढे आनेट म्यूट्झे यांनी डार्मस्टाट इथल्या पीएचडीत, २००४ मध्ये, कुठल्या आकाराच्या मोटरला कुठला करंट सतावतो हे मोजून सांगितलं. मी एम.टेक.ला इन्व्हर्टरवर काम करत होतो तेव्हा हे सगळं वाचलं होतं. शाफ्टला प्रोब लावायची वेळ मात्र कारखान्यातच आली.

मोजायचं कसं

मल्टिमीटरने नाही. त्या दिवशी वायरमनने मीटर लावून दाखवला, ०.९ व्होल्ट. "यात काय जळणार साहेब?" मीटर सरासरी दाखवतो, आणि इथला खेळ मायक्रोसेकंदाच्या आत उरकतो. १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप (स्कोप), एकास दहाचा प्रोब, प्रोबच्या टोकाला बारीक तारांचा मऊ ब्रश, तो शाफ्टच्या उघड्या, पुसलेल्या भागावर टेकवलेला. प्रोबचा ग्राउंड मोटरच्या बॉडीवर, रंग खरवडून, बेरिंगच्या जितका जवळ जमेल तितका. ब्रश हातात धरायचा नाही, मॅग्नेटिक स्टँडला बांधायचा. फिरत्या शाफ्टजवळ सैल बाही नको. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

आमच्या स्क्रीनवर व्होल्टेज पायऱ्यांनी १६-१७ पर्यंत चढायचं आणि मध्येच एका उभ्या रेघेत शून्यावर कोसळायचं. प्रत्येक कोसळण्यात एक ठिणगी. फोरमन, वायरमन, शिफ्ट इंजिनियर सगळे स्कोपभोवती जमले. त्यानंतर बेरिंगच्या ब्रँडचा विषय कुणी काढला नाही.

एक सावधगिरी. शाफ्टवर काहीच व्होल्टेज दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. स्पीड खूप कमी असेल तर फिल्म धरतच नाही, गोळी रेसला टेकलेली असते आणि व्होल्टेज साचत नाही. मोटर नेहमी ज्या स्पीडला चालते त्याच स्पीडला, आणि गरम झाल्यावर मोजा.

तीन वाटा, तीन उपाय

बेरिंगमधून जाणारा करंट तीन वाटांनी येऊ शकतो, आणि एकीवरचं औषध दुसरीला चालत नाही. माझी स्वतःची चूक इथेच झाली.

पहिली वाट वर सांगितली ती, ठिणग्यांची. दुसरी मोठ्या मोटरींची, साधारण शंभर किलोवॅटच्या पुढे जाणवणारी. वाइंडिंगमधून स्टेटरच्या लोखंडात गळणारा हाय फ्रिक्वेन्सी करंट शाफ्टभोवती चुंबकीय वेढा तयार करतो, त्याने शाफ्टच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज येतं, आणि एका बेरिंगमधून शाफ्ट, दुसऱ्या बेरिंगमधून बॉडी, असं वर्तुळ पूर्ण होतं. तिसरी वाट अर्थिंगची. मोटरच्या बॉडीला जमिनीत जायला चांगला रस्ता नसेल आणि शाफ्टला जोडलेल्या पंपाला किंवा फॅनला असेल, तर करंट बॉडीतून बेरिंगमध्ये, तिथून शाफ्टवरून कपलिंग ओलांडून पंपाकडे पळतो. मग मोटरबरोबर पंपाचं बेरिंगही जातं.

आमच्या फॅनचे प्लमर ब्लॉक (फॅनच्या शाफ्टची बेरिंगं) ठणठणीत होते, आणि कपलिंग रबरी बुशचं. त्यामुळे तिसरी वाट मी बाजूला ठेवली. ९० किलोवॅट म्हणजे पहिली आणि दुसरी यांच्या सीमेवर. मी पुस्तकी उपाय केला: नॉन-ड्राइव्ह एंडला, म्हणजे फॅनच्या उलट टोकाला, इन्सुलेटेड बेरिंग, बाहेरच्या रिंगवर सिरॅमिकचा लेप असलेलं. ते साध्या बेरिंगच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि परचेसवाल्यांना पटवायला आठवडा गेला. चार महिन्यांनी ड्राइव्ह एंडचं बेरिंग गेलं. आधी दोन्ही जायची, आता एकच. तात्या म्हणाले, "निम्मा खर्च तर वाचला." टोमणा होता की सांत्वन, मला अजून कळलेलं नाही.

चूक साधी होती. एका टोकाचं इन्सुलेशन वर्तुळ तोडतं, म्हणजे दुसरी वाट बंद होते. पण रोटरवर साचलेला चार्ज कुठूनही उतरेल. एक दार बंद केलं तर तो दुसऱ्या दाराने उतरतो, आणि पूर्वी दोघांत वाटला जाणारा मार एकट्यावर येतो. ठिणग्यांच्या वाटेला इन्सुलेशन पुरत नाही. शाफ्टवरून बॉडीवर उतरायला बेरिंगपेक्षा सोपा रस्ता द्यावा लागतो.

तो रस्ता म्हणजे शाफ्ट ग्राउंडिंग रिंग. आतल्या बाजूने कार्बन फायबरचे केसासारखे तंतू असतात, ते घेरभर शाफ्टला टेकतात. ड्राइव्ह एंडला बसवली. बसवताना तीन गोष्टी सांभाळा: शाफ्टचा तेवढा पट्टा पॉलिश पेपरने उघडा करा, रिंग बसते तिथला बॉडीचा रंग काढा, आणि स्क्रूला लॉक करायचा गोंद लावू नका, तो रस्ताच अडवतो. त्यानंतर शाफ्टवरचं व्होल्टेज दीड-दोन व्होल्टच्या वर गेलं नाही. नॉन-ड्राइव्ह एंडचं इन्सुलेटेड बेरिंग तसंच ठेवलं. ही जोडी या आकाराला योग्यच आहे, मी फक्त अर्धीच बसवली होती.

दोन्ही टोकांना इन्सुलेटेड बेरिंग घातलं तर? चार्ज शाफ्टवरच राहतो आणि पुढचं दार शोधतो. शाफ्टवर एन्कोडर (स्पीड मोजणारा सेन्सर) असेल तर त्याचं चिमुकलं बेरिंग जातं, आणि मग स्पीड फीडबॅक का उड्या मारतोय म्हणून ड्राइव्ह उघडून बसता. कंडक्टिव्ह ग्रीसबद्दलही विचारतात. ते मी वापरत नाही. ग्रीसचं काम वंगणाचं, त्यात कार्बनचे कण घालून दोन्ही कामं अर्धवट होतात.

अर्थिंगचं राहिलेलं

रिंगने ठिणग्या थांबल्या तरी केबल आणि अर्थिंग तसंच सोडायला मन होईना. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत ६५ मीटर साडेतीन कोअरची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल होती. ५० हर्ट्झला उत्तम. पण अर्धा कोअर एका कडेला असल्यामुळे तिन्ही फेजचं त्याच्याशी नातं सारखं नाही, आणि ग्लँडवर (केबल पेटीत शिरते तिथल्या पकडीवर) आर्मर, म्हणजे केबलचं धातूचं कवच, दोन-चार पट्ट्यांनीच टेकलेलं.

अर्थ पिटचा एक ओहम इथे का निरुपयोगी, त्याचा हिशेब करा. कॉमन मोड करंटची फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झच्या घरात. तारेचा इंडक्टन्स मीटरला ढोबळ एक मायक्रोहेन्री धरा. दहा मीटर तारेचे दहा मायक्रोहेन्री, एक मेगाहर्ट्झला ६३ ओहम. पिटमध्ये कितीही मीठ टाका, तिथे पोचेपर्यंतच वाट संपली. शिवाय या करंटला जमिनीत जायचंच नाही, त्याला व्हीएफडीच्या डीसी बसकडे परत जायचंय. त्याला घराकडचा जवळचा, रुंद रस्ता हवा.

म्हणून ऑफ सीझनमध्ये केबल बदलली: तीन फेज, त्यांच्यामध्ये सममितीने तीन अर्थ कोअर, वरून तांब्याचं शील्ड. शील्ड दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये पूर्ण घेराने टेकवलं. शेपटी वळून बोल्टला बांधली की शील्डचा निम्मा अर्थ जातो. मोटरच्या बॉडीपासून फॅनच्या बेस फ्रेमपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली रुंद चपटी पट्टी (ब्रेड), फूटभर लांबीची. नियमाने लागणारे अर्थिंगचे दोन जोड होते ते अर्थातच तसेच ठेवले. ते माणसाच्या जिवासाठी आहेत, ही ब्रेड बेरिंगसाठी.

कॅरियर फ्रिक्वेन्सी ८ वरून २.५ किलोहर्ट्झवर आणली. व्होल्टेजची उंची त्याने कमी होत नाही, पण पायऱ्या सेकंदाला ४८ हजारांवरून १५ हजार होतात, ठिणग्यांच्या संधीही तेवढ्या घटतात, आणि हीटसिंक थंड राहतं. मोटर जास्त गाते. ८ किलोहर्ट्झ ठेवलं होतं तेच मुळी ट्रायलच्या दिवशी कुणा बड्या साहेबांना आवाज खटकला म्हणून. बॉयलर हाउसमध्ये, जिथे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं! फॅनला हा बदल चालतो. हाय स्पीड स्पिंडलला चालणार नाही, तिथे करंट रिपल वाढेल.

आउटपुटला डीव्ही-डीटी चोक लावा असं ड्राइव्हवाल्यांनी सुचवलं होतं. तो पायरीची धार बोथट करतो, त्यामुळे लांब केबल आणि दुसऱ्या वाटेला मदत होते. पायरीची उंची मात्र तीच राहते, म्हणून ठिणग्यांवर त्याचा फारसा इलाज नाही. आम्ही तो घेतला नाही.

दुखणं मुळातच तोडायचं, म्हणजे इन्व्हर्टरने कॉमन मोड व्होल्टेज कमी काढायची, यावर बरंच संशोधन झालंय. २९० व्होल्टची टोकं येतात ती झीरो व्हेक्टरमुळे, तिन्ही लेग एकाच बाजूला असताना. त्याऐवजी एकमेकांविरुद्धचे दोन ॲक्टिव्ह व्हेक्टर (लेगची दोन-एक विभागणी) तेवढाच वेळ द्यायचे, बेरीज शून्यच येते. मग टोक २९० वरून ९७ वर. एम.टेक.ला मी याचं सिम्युलेशन केलं होतं, ग्राफ देखणा आला होता. प्रत्यक्ष बोर्डावर डेड टाइममध्ये (एक स्विच बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतच्या क्षणात) मधूनच जुनी टोकं डोकवायची. शिवाय करंट रिपल वाढतो, आणि लाइन व्होल्टेज प्लसवरून थेट मायनसवर उडी मारते, ते लांब केबलवरच्या मोटरच्या इन्सुलेशनला झेपत नाही. थ्री-लेव्हल इन्व्हर्टर जास्त सभ्य, पायरीच निम्मी. पण चालू असलेला ड्राइव्ह काढून तो बसवा असं मी कुणा कारखान्याला सांगणार नाही. सर्वसाधारण ड्राइव्हच्या मेनूत या मॉड्युलेशनचा पर्याय सहसा सापडतही नाही. सिलिकॉन कार्बाइडचे ड्राइव्ह येतायत त्यांची धार आयजीबीटीपेक्षा कितीतरी तीव्र आहे, तेव्हा केबल आणि ग्लँडकडे आत्ताच बघितलेलं बरं.

पुढचा अख्खा सीझन मोटर बेरिंग न बदलता चालली. ऑफ सीझनला ड्राइव्ह एंडचं बेरिंग मुद्दाम काढून कापलं. रेस आरशासारखी, ग्रीस पिवळसर. तात्यांनी ती रिंग टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवली.

त्यानंतरच्या सीझनला जानेवारीत शाफ्टवर पुन्हा नऊ व्होल्ट दिसले. रिंगच्या तंतूंमध्ये बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख बसली होती, वर ग्रीसचा थर. बेरिंगला काही झालं नव्हतं, कारण दर महिन्याला स्कोप लावायचा असं ठरलं होतं आणि वायरमन ते इमानाने करत होता. रिंग साफ केली, तिच्या पुढे रबरी व्ही-रिंग बसवली आणि ग्रीसची मात्रा कमी केली. राख उडते अशा जागी तुमची रिंग असेल तर ती मोटरच्या आतल्या बाजूला, बेरिंग कव्हरच्या मागे बसवून घ्या. आमची बाहेर आहे, ती आत न्यायचं काम या ऑफ सीझनच्या यादीत आहे.